कुत्र्याच्या मणक्यातली गादी सरकली तर: ऑपरेशनशिवायचे सहा आठवडे

रोज उडी मारून सोफ्यावर चढणारा कुत्रा एक दिवस सोफ्यासमोर नुसता उभा राहतो, वर बघतो आणि बाजूला जाऊन बसतो. आमच्या पिंट्याचं असंच सुरू झालं. पिंट्या पाच वर्षांचा डॅशहंड, मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर आमच्याबरोबर राहणारा. पाठीला कमान आली होती, उचलायला गेलं की केकाटायचा, पोट दगडासारखं घट्ट. एका दवाखान्यात गॅस झालाय म्हणून पोटाचं औषध दिलं. पाठ दुखणारा कुत्रा पोट आवळून धरतो, त्यामुळे ही गफलत पुष्कळदा होते. दोन दिवसांनी सकाळी तो उठला तेव्हा मागचे पाय झोकांड्या खात होते आणि संध्याकाळपर्यंत त्याला उभंच राहता येईना.

आज तो चालतो, आणि त्याचं ऑपरेशन झालेलं नाही. पण हे प्रत्येक कुत्र्याच्या बाबतीत जमत नाही, आणि जिथे जमणार नाही तिथे एक दिवसही वाया घालवू नये. म्हणून आधी आजार समजून घ्या, मग पिंजऱ्याकडे, म्हणजे पिंजऱ्यातल्या सक्तीच्या विश्रांतीकडे, वळा.

गादी सरकते म्हणजे काय

दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. बाहेरून चिवट धाग्यांचं कडं, आत मऊ गर. डॅशहंड, बीगल, शित्झू, ल्हासा, कॉकर स्पॅनियल, फ्रेंच बुलडॉग अशा जातींत हा गर अगदी तरुणपणी, कित्येकदा वर्षाच्या आतच, सुकून खडूसारखा व्हायला लागतो. याचं जनुकीय कारण २०१७ साली सापडलं: बाराव्या गुणसूत्रावर एफजीएफ४ नावाच्या जनुकाची एक जादा प्रत. म्हणजे तुम्ही त्याला काय खाऊ घातलंत किंवा कसं वाढवलंत यामुळे हे झालेलं नाही. पहिल्या रात्री मी स्वतःला खूप दोष दिला, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

पुरणपोळी लाटताना पारी एखाद्या जागी पातळ झाली की पुरण तिथूनच बाहेर येतं. गादीचं कडं वरच्या अंगाला, म्हणजे मज्जारज्जूच्या बाजूला, पातळ असतं. त्यामुळे सुकलेला गर फुटून निघाला की तो थेट मज्जारज्जूवर जाऊन आदळतो. उडी हे निमित्त, झीज आधीपासून चाललेली असते. लॅब्रॉडॉर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या कुत्र्यांत उतारवयात गादी सहसा फुटत नाही, ती हळूहळू फुगून दाब देत राहते. स्वीडनमधल्या हान्सेन यांनी १९५०च्या दशकात हे दोन प्रकार वेगळे मांडले, म्हणून डॉक्टरांच्या कागदावर ‘हान्सेन टाइप १’ किंवा ‘टाइप २’ असं लिहिलेलं दिसेल.

कुत्र्याला फासळ्यांच्या १३ जोड्या असतात. छातीच्या भागातल्या बहुतेक गाद्यांवरून दोन्हीकडच्या फासळ्यांना जोडणारा एक आडवा बंध जातो आणि तो गादीला वरून आधार देतो. हा आधार जिथे संपतो, म्हणजे शेवटच्या दोन-तीन फासळ्यांपासून कमरेपर्यंत, तिथल्या गाद्या सर्वांत जास्त फुटतात. मानेतही हे होतं. तेव्हा कुत्रा मान खाली घालून ताठ उभा राहतो, जमिनीवरच्या भांड्यातलं खायला वाकत नाही आणि भयंकर कळवळतो.

गर आदळतो तेव्हा मज्जारज्जूला मुका मार बसतो, आणि बाहेर आलेल्या गराचा दाबही राहतो. मुक्या माराची सूज हळूहळू उतरते. फाटलेलं कडं सांधायला मात्र आठवडे लागतात, आणि ते ओलं असताना एक उडी पुरेशी होते, उरलेला गरही बाहेर येतो. पुढचा सगळा खटाटोप या एका गोष्टीसाठी आहे.

पहिला तास

चालवून बघू नका. ‘चल, चल, काही झालं नाही’ करत बोलावू नका. पाठ चोळू नका, शेकू नका, तेल लावू नका. उचलायचं तर एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांच्या मागून ढुंगणाखाली, आणि पाठ जमिनीला समांतर. लहान मुलासारखं बगलेत धरून उभं उचललं की कंबर लोंबकळते आणि नेमका तिथेच ताण येतो. घरातल्या प्रत्येकाला हे एकदा करून दाखवा, कामाला येणाऱ्या मावशींनाही.

माणसांची वेदनाशामक गोळी अजिबात देऊ नका. आपल्या प्रत्येकाच्या खणात कॉम्बिफ्लॅम असते. तिच्यात आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतात. आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. डायक्लोफेनॅकचंही तसंच. शिवाय घरून काही दिलं असेल तर डॉक्टरांचे हात बांधले जातात, कारण त्यावर त्यांना त्यांचं औषध लगेच देता येत नाही.

नेताना कडक, सपाट काहीतरी खाली हवं: कपाटाची सुटी फळी, मोठा ड्रॉइंग बोर्ड, नाहीतर कडक सुटकेसचं झाकण. त्यावर चादर घाला आणि कुत्र्याला दुसऱ्या चादरीनं हलकंच बांधून ठेवा. रिक्षा खड्ड्यांतून फार आदळते. आमच्या बाजूनं परळला जायचं तर ती शीवच्या पुढे जातही नाही, म्हणून टॅक्सी आधीच ठरवा आणि चालकाला सावकाश न्यायला सांगा.

कितवी पायरी आहे ते ओळखा

डॉक्टर या आजाराच्या पाच पायऱ्या मानतात. पहिलीत फक्त दुखतं, चाल नीट असते. दुसरीत चालतो पण लटपटतो, पंजा उलटा पडतो, नखं लादीवर घासल्याचा आवाज येतो. तिसरीत उभं राहता येत नाही, पण आधार दिला तर पाय हलवतो. चौथीत मागचे पाय अजिबात हलत नाहीत, चिमटा मात्र कळतो. पाचवीत तोही कळत नाही.

चौथी आणि पाचवी यांतला फरक घरी ठरवायला जाऊ नका, कारण इथे जवळजवळ सगळे फसतात. बोट दाबल्यावर कुत्र्यानं पाय मागे ओढला की आपल्याला वाटतं, कळलं त्याला. पाय ओढणं ही मणक्यातल्या मणक्यात होणारी प्रतिक्षिप्त क्रिया आहे, मेंदूपर्यंत काहीही पोचलेलं नसताना ती होते. डॉक्टर चिमट्यानं बोटाचं हाड दाबतात आणि पाहतात ते तोंडाकडे: मान वळवली का, ओरडला का, चावायला आला का.

पहिल्या दोन पायऱ्यांवर विश्रांती आणि औषधं यांनी साधारण दहातले आठ कुत्रे बरे होतात. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर ऑपरेशननं दहातले नऊ चालायला लागतात. विश्रांतीवरही बरेच उठतात, पण वेळ जास्त लागतो, चालीत लटपट राहू शकते आणि भरवसा कमी. पाचव्या पायरीवर ऑपरेशननंतर साधारण निम्मे चालतात आणि विश्रांतीवर त्याहून कितीतरी कमी. त्यामुळे पाय हलायचे थांबले असतील, किंवा तासातासाला बिघडत असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच रात्री निघायचं.

पिंट्या तिसरीवर होता. डॉक्टरांनी ऑपरेशनचा पर्याय स्पष्ट समोर ठेवला. पहिल्या ४८ तासांत त्याच्या पायांची हालचाल थोडी वाढली, म्हणून आम्ही विश्रांतीचा रस्ता धरला. मात्र त्याच दिवशी ठरवून घेतलं, की हालचाल कमी झाली तर थेट ऑपरेशन. कुठल्या रुग्णालयात, कसं जायचं, पैसे कुठून, सगळं लिहून फ्रिजवर लावलं होतं. तुम्हीही हे पहिल्याच दिवशी करा. ऐन वेळी रात्री दोन वाजता डोकं चालत नाही.

मुंबईत जनावरांच्या उपचारांची जुनी जागा परळ. पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं, आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयही तिथेच. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. उपनगरांत खाजगी डॉक्टर बरेच आहेत. कुठेही जा, पण निघण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा: मज्जातंतूंची तपासणी करणारे डॉक्टर आज आहेत का, एमआरआय किंवा सीटी होतो का, आणि मणक्याचं ऑपरेशन तिथे करतात का.

एक्स-रेत मणके दिसतात, मज्जारज्जू दिसत नाही. अस्थिभंग किंवा हाडाचा संसर्ग नाही ना, हे बघायला एक्स-रे हवाच, पण एक्स-रे चांगला आला म्हणजे गादी चांगली असं नव्हे. एमआरआय भूल देऊनच होतो. ऑपरेशन करायचंच नसेल आणि कुत्रा चालता असेल तर पुष्कळ डॉक्टर एमआरआयशिवायच उपचार सुरू करतात. डिस्टेंपर या विषाणूच्या आजारात आणि कधी गोचीड तापातही पाय जाऊ शकतात, म्हणून रक्त तपासायला सांगितलं तर कुरकुर करू नका. पळतापळता एकदम ओरडला, पाय गेले आणि तासाभरानं दुखणं काहीच उरलं नाही, तर मज्जारज्जूची रक्तवाहिनी गादीच्याच कणानं तुंबलेली असू शकते. त्याचा उपचार निराळा आहे. आणि रस्त्यावरच्या कुत्र्याचे मागचे पाय गेलेले दिसले तर आधी गाडीची धडक समजा आणि फळीवरूनच हलवा.

औषधं

सूज आणि दुखणं कमी करणारं एक औषध, बहुधा मेलोक्सिकॅम, कार्प्रोफेन किंवा फिरोकॉक्सिब. नसांच्या दुखण्यासाठी गॅबापेंटिन. स्नायूंचा पिळा सोडवायला कधी मेथोकार्बामॉल. मात्रा डॉक्टरच ठरवतील. तुमच्या हातात आहेत त्या गोष्टी अशा: सूज कमी करणारं औषध पोटात अन्न असतानाच द्यायचं. उलटी, काळी डांबरासारखी शी किंवा खाणं बंद असं दिसलं तर पुढचा डोस थांबवून फोन करायचा. गॅबापेंटिन पातळ स्वरूपात मिळालं तर त्यात झायलिटॉल (गोडीसाठी घालतात ते) नाही ना, हे बाटलीवर वाचायचं, कारण ते कुत्र्यांना विषारी आहे.

स्टेरॉइडबद्दल सावध राहा. पूर्वी या आजारात ते सर्रास देत, आता नेहमीचा उपचार म्हणून त्याची शिफारस होत नाही. सगळ्यांत धोक्याचं म्हणजे एका दवाखान्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि दुसऱ्या दवाखान्यात सूज कमी करणारी गोळी. दोन्ही शरीरात एकत्र आली की आतड्याला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. म्हणून पहिल्या दवाखान्याची चिठ्ठी दुसऱ्या डॉक्टरांसमोर ठेवायचीच. त्यांना वाईट वाटेल म्हणून ती लपवणारी माणसं मी पाहिली आहेत.

पिंजरा

कमीत कमी चार आठवडे, आमच्या डॉक्टरांनी सहा सांगितले होते. लोकांना ही शिक्षा वाटते. माझ्या सासूबाई पहिले तीन दिवस पिंट्याकडे बघून रडत होत्या. पण पायाला प्लास्टर घालता येतं, पाठीला येत नाही. पिंजरा हेच त्याचं प्लास्टर.

उभं राहता यावं, वळता यावं, अंग ताणून झोपता यावं, एवढा मोठा. चालता येईल एवढा नको. आमच्याकडे तारेचा पिंजरा घेतला. लहान मुलांचं प्लेपेनही चालतं, मात्र त्याच्या कठड्यावर कुत्रा पुढचे पाय टेकून मागच्या दोन पायांवर उभा राहत असेल तर ते बाद. खाली योगा मॅट, वर पातळ पण घट्ट गादी, वर धुता येईल अशी चादर. फुगीर उशा नकोत, पाठ बुडते.

ठेवायचा कुठे? बाल्कनीत नको. तिथे ऊन, पाऊस, खालून जाणारी मांजर, समोरच्या बिल्डिंगमधला भुंकणारा मित्र. आमच्या वन बीएचकेत टीपॉय उचलून माळ्यावर टाकला आणि पिंजरा बाहेरच्या खोलीत पंख्याखाली ठेवला. माणसं दिसत राहिली की कुत्रा पुष्कळ शांत राहतो. पुढच्या दारातून कोणी आलं की दिसू नये म्हणून त्या बाजूला जुनी चादर टाकली.

आणि बेल. मुंबईच्या घरात बेल दिवसातून किती वेळा वाजते ते मी तोवर मोजलंच नव्हतं: दूध, कचरा, मावशी, इस्त्री, कुरिअर, पार्सल, शेजारचं पोर. प्रत्येक बेलला पिंट्या झोपेतून चारही पायांवर उसळायचा आणि अर्ध्यात कोसळायचा. तिसऱ्या दिवशी नवऱ्यानं बेलची वायर काढली. दारावर कागद चिकटवला: ‘कुत्रा आजारी आहे. बेल वाजत नाही. कृपया फोन करा.’ खाली वॉचमन काकांना नंबर देऊन ठेवला. या कागदाचा उपयोग काही औषधांहून जास्त झाला.

फारच अस्वस्थ असेल तर डॉक्टरांकडून शांत ठेवणारं औषध मागून घ्या, त्यात कमीपणा नाही. जेवण ताटलीत देण्याऐवजी चाटायच्या मॅटवर भात-चिकन थापून दिलं तर वीस मिनिटं जातात.

शू आणि शी

चालणाऱ्या कुत्र्याला दिवसातून चार-पाच वेळा उचलून न्यायचं, एका जागी उतरवायचं, शू-शी झाली की उचलून परत. पट्टा गळ्यात नको, छातीचा हार्नेस, आणि दोरी हातभर. लिफ्ट बंद असेल तर जिने तुम्ही चढायचे, त्यानं नाही. पावसाळ्यात लॉबीच्या ओल्या लाद्या फार घसरड्या असतात, म्हणून आम्ही बाल्कनीच्या कोपऱ्यात ट्रेमध्ये हिरवळीचा तुकडा ठेवला. दोन दिवस त्यानं मानलं नाही, तिसऱ्या दिवशी मानलं.

मागचा भाग पेलायला जुना पंचा किंवा ओढणी चारपदरी करून पोटाखालून घ्या आणि दोन्ही टोकं वर धरा. वजन उचलायचं नाही, फक्त तोल सांभाळायचा. नर कुत्र्याला पंचा जांघेजवळ, मागे सरकवून घ्या, नाहीतर शूची जागाच दाबली जाते आणि आपण म्हणत बसतो की हा करत का नाही.

उभं न राहणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत सगळ्यांत जपायची गोष्ट म्हणजे मूत्राशय. याविषयी मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. पिंट्याची चादर ओली दिसली आणि मी खूश झाले, शू होतेय म्हणून. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि माझा हात धरून तिथे नेला. मागच्या पायांच्या पुढे, पोटाच्या खालच्या बाजूला, मोसंबीएवढा घट्ट गोळा होता. मूत्राशय काठोकाठ भरून ओसंडत होतं, रिकामं होत नव्हतं. असं राहिलं तर स्नायू ताणून कायमचा सैल पडतो आणि संसर्ग होतो.

ते रिकामं करायला डॉक्टरांकडून शिकायचं, आणि त्यांच्यासमोर स्वतः करून दाखवल्याशिवाय घरी यायचं नाही. कुत्र्याला एका कुशीवर किंवा आधारानं उभं धरतात. दोन्ही हातांचे तळवे पोटाच्या दोन्ही बाजूंनी शेवटच्या फासळीच्या मागे ठेवून, बोटं सपाट ठेवून, सावकाश मागे यायचं. गोळा हातात आला की थांबायचं, मग एकसारखा दाब द्यायचा, कणीक मळताना देतो तसा जोर नाही, पिकलेला आंबा माचवताना देतो तेवढा. पहिले काही सेकंद काही होत नाही. मग धार लागते. धार थांबली तरी दाब न सोडता अजून थोडं थांबा, पुन्हा येते. दर ६ ते ८ तासांनी, रात्रीसुद्धा. काही कुत्र्यांचं मूत्राशय इतकं आवळलेलं असतं की धार लागतच नाही. तिथे जोर करू नका, डॉक्टर स्नायू सैल करणारं औषध देतात किंवा नळी घालतात. शूला उग्र वास, गढूळपणा किंवा रक्त दिसलं तर त्याच दिवशी तपासणी.

शू लागलेली कातडी आपल्या दमट हवेत एका रात्रीत लाल होते. कोमट पाण्यानं धुवा, पंच्यानं टिपा, पंख्याखाली पूर्ण सुकवा, मगच निजवा. डायपर बाहेर नेण्यापुरता ठीक, दिवसभर नको. आणि दर चार तासांनी कूस बदलायची. एकाच बाजूला पडून राहिला तर नितंबाच्या हाडावर जखम होते आणि ती भरता भरत नाही.

दुसरा-तिसरा आठवडा

इथेच सगळे चुकतात. मीही चुकले. औषधानं दुखणं थांबतं, डोळे चमकायला लागतात, शेपूट हलते, पिंजऱ्याच्या दारावर नाक घासून तो बाहेर सोड म्हणतो. बरं वाटणं आणि बरं होणं यांत इथे महिन्याचं अंतर असतं. बाराव्या दिवशी रविवारी दुपारी मी पिंट्याला ‘फक्त मांडीवर’ घेतलं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, तो दचकला आणि मांडीवरून खाली गेला. जेमतेम दीड फूट. संध्याकाळी पाठीला पुन्हा कमान, पुन्हा तेच कण्हणं. पाय वाचले, पण सहा आठवड्यांची मोजणी डॉक्टरांनी पहिल्या दिवसापासून सुरू केली. कॅलेंडरवरच्या बारा फुल्या खोडताना सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसता माझ्या पाठीवरून हात फिरवला.

म्हणून मांडी नाही, पलंग नाही, ‘पाच मिनिटं’ नाही. भेटायला येणाऱ्यांनी पिंजऱ्याशेजारी जमिनीवर बसायचं.

या काळात डॉक्टरांनी परवानगी दिली तर हलका व्यायाम सुरू होतो, दुखणं पूर्ण थांबल्यावरच. कुशीवर निजवून मागच्या पायाचा एकेक सांधा, आधी बोटं, मग घोटा, गुडघा, खुबा, सावकाश दुमडायचा आणि सरळ करायचा. मग सायकल चालवल्यासारखा पूर्ण पाय, दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. पंजाच्या खाली बोटांच्या मधे हलकं खाजवायचं. पाय आखडला तर जोर लावायचा नाही. पुढे आधारानं चौकोनी उभं करणं: चारही पंजे सरळ जमिनीवर, दहा सेकंद, मग वीस. रबरी मॅटवर, लादीवर कधीच नाही.

पाण्यातला व्यायाम आणि लेझर यांची सोय मुंबईत काही ठिकाणी आहे. पाण्यातल्या ट्रेडमिलचा उपयोग होतो असं मी प्रत्यक्ष पाहिलं, पण तो विश्रांतीचा काळ संपत आल्यावर. पहिल्या आठवड्यात कोणी फिजिओथेरपीचं पॅकेज विकायला लागलं तर नम्रपणे नाही म्हणा. सोसायटीच्या तलावात पोहवणं तर नकोच, पोहताना कुत्रा पाठ पिळतो. ॲक्युपंक्चर दुखण्यासाठी काही डॉक्टर देतात, औषधांच्या जोडीला चालेल, औषधांच्या जागी नाही.

परत येण्याचा क्रम माहीत असला की धीर राहतो. आधी संवेदना, मग शेपूट, मग पायाची थोडी हालचाल, मग उभं राहणं, मग चाल, आणि पंजा सरळ टाकण्याचं भान सगळ्यांत शेवटी. पिंट्याच्या डाव्या पंजाची नखं अजून थोडी घासतात. मी महिन्यातून एकदा ती बघते.

रोज एकाच वेळी, एकाच लादीवर पंधरा सेकंदांचा व्हिडिओ काढा. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, आठवड्याचे दोन व्हिडिओ शेजारी ठेवले की कळतो. डॉक्टरांनाही तेच पाठवा.

पुढचं काही दिसलं तर घरगुती उपचार तिथेच थांबवून रुग्णालय गाठायचं: काल हलणारा पाय आज हलत नाही, औषध चालू असून दुखणं वाढलंय, बारा तासांत शू नाही, किंवा अशक्तपणा मागच्या पायांकडून पुढच्या पायांकडे चढतोय आणि श्वास जड होतोय. शेवटचं लक्षण पाचव्या पायरीवरच्या काही कुत्र्यांत पहिल्या काही दिवसांत दिसतं, मज्जारज्जू आतून विरघळत जातो आणि त्यावर उपाय नाही. अशा वेळी जनावराला त्रासातून सोडवण्याबद्दल डॉक्टर बोलतील. ते ऐकून घ्यावं लागतं.

पिंजऱ्यातून बाहेर

डॉक्टरांनी हो म्हटल्यावरसुद्धा एकदम मोकळं सोडायचं नाही. पहिला आठवडा दोरीवर पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, सपाट जमिनीवर. दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवायची. दुसऱ्या कुत्र्याबरोबर खेळणं, चेंडू, पायऱ्या हे सगळ्यांत शेवटी. आम्हाला सकाळी साडेपाचला खाली नेणं सोयीचं पडलं, तेव्हा गेटजवळची कुत्री झोपलेली असतात.

तोवर घर बदलून ठेवा. आपल्याकडच्या चकचकीत लाद्यांवर कुत्र्याचे पाय सतत फाकतात, प्रत्येक वेळी कंबर पिळली जाते. त्याच्या रोजच्या वाटेवर, पाण्याच्या भांड्यापासून दारापर्यंत, रबराच्या पाठीचे पायपुसणे किंवा योगा मॅटच्या पट्ट्या टाका. पंजाखालचे केस आणि नखं कापा. सोफ्याला उतार लावा. सुतारानं प्लायवूडचा करून दिलेला, वर मॅट चिकटवलेला उतार आम्ही वापरतो. तो चढायला शिकेपर्यंत सोफ्यावर बंदीच.

आणि वजन. फासळ्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत, वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे. आमच्याकडे सासूबाईंच्या ताटातली तूप लावलेली पोळीची शेवटची घडी पिंट्याची असायची. ती बंद करणं दोघांनाही जड गेलं. मग त्या घडीच्या जागी काकडीचा तुकडा आला, त्याच वेळी, त्याच हातानं. तीन महिन्यांत सव्वा किलो उतरलं, आणि एवढ्याशा कुत्र्याला सव्वा किलो म्हणजे पुष्कळ.

काही कुत्रे नीट सेवा होऊनही चालत नाहीत. ती तुमची चूक नाही, आणि तो शेवटही नाही. मूत्राशय वेळेवर रिकामं होत असेल, कातडी कोरडी असेल आणि दुखत नसेल, तर दोन चाकांच्या गाडीवर कुत्री वर्षानुवर्षं मजेत जगतात. गाडी त्याच्या मापाची हवी, पाठ जमिनीला समांतर राहील अशी, आणि झोपताना काढायची.

विश्रांतीवर बऱ्या झालेल्या कुत्र्यांपैकी साधारण तिघांतल्या एकाला हे दुखणं पुन्हा उद्भवतं, त्याच गादीत किंवा शेजारच्या. दिवाळीच्या फटाक्यांना किंवा गणपतीच्या ढोलाला घाबरून उसळणारा कुत्रा असेल तर त्या दिवसांआधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा. पिंजरा विकू नका. घडी करून पलंगाखाली ठेवा, सोबत एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या आणि कोणतं औषध कधी दिलं त्याची वही एका पिशवीत. फळी दाराच्या मागे. सोफ्यासमोर तो पुन्हा थांबून वर बघायला लागला, तर त्याच मिनिटाला पिंजरा उघडा आणि मग फोन करा.